शांत स्वभावाचा दाखला

राग कमी व्हावा म्हणून बंदूक घ्यायची, हे अप्पांचं म्हणणं ऐकून सगळ्यात आधी हसले ते त्यांचे डॉक्टर. वास्तविक ही काडी त्यांनीच टाकली होती. रक्तदाब मोजून झाल्यावर त्यांनी आधी यंत्राकडे, मग अप्पांकडे काळजीनं बघितलं आणि मोकळ्या हवेतला एखादा छंद लावून घ्या म्हणून सांगितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर फार तर गुलाबाची कुंडी असेल. पण अप्पा पडले सरकारी लिफ्ट तपासणीस. उभा जन्म दुसऱ्यांच्या लिफ्टचे दोर, ब्रेक आणि मालकांच्या थापा तपासण्यात गेलेला माणूस कुंडीसमोर किती वेळ बसणार? ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं त्यांना गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात नेलं. तिथे एक यंत्र मातीच्या तबकड्या आकाशात भिरकावतं आणि आपण त्या छऱ्यांच्या बंदुकीनं उडता उडता फोडायच्या असतात. तबकडी हवी असली की नेमबाजानं ‘पुल’, म्हणजे इंग्रजीत ‘ओढ’, असं ओरडायचं, एवढाच नियम.

अप्पा ओरडले. यंत्रावरचा माणूस खुर्चीतून अर्धा उठला, पण तबकडी मात्र सुटली. आजवर अप्पा पुष्कळ ओरडले होते. कंत्राटदारांवर, शिपायावर, दूधवाल्यावर, घरात तर रोजच. पण ओरडल्याबरोबर काम झालं, असं पहिल्यांदाच घडत होतं. तबकडी फुटली नाही हा मुद्दा वेगळा. दर रविवारी अप्पा क्लबात जाऊन पोटभर ओरडून येऊ लागले, रात्री गाढ झोपू लागले, आणि डॉक्टरांच्या यंत्राचा काटा शहाण्यासारखा खाली उतरला.

पुढे शिकाऊ सभासदांची मुदत संपली. आता क्लबची बंदूक मिळणार नाही, स्वतःची आणा, असं चिटणिसांनी सांगितलं. नवी बंदूक बघायला अप्पा दुकानात गेले आणि किंमत ऐकून दुकानदाराची खुर्ची चांगली आहे असं काहीतरी पुटपुटत बाहेर आले. वापरलेली घेण्याला पर्याय नव्हता. बायकोला त्यांनी जेवताना सांगून टाकलं. बंदूक घरात यायची नाही, क्लबातल्या कुलपात राहील, तेव्हा घाबरायचं कारण नाही. बायको काही बोलली नाही. ती सहसा बोलत नसे आणि अप्पांना तो तिचा स्वभाव वाटत असे.

इमारतीत मात्र बोलणाऱ्यांना तोटा नव्हता. अप्पा बंदूक घेणार ही बातमी लिफ्ट बंद असूनही वरच्या मजल्यापर्यंत पोचली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, वापरलेली घेताय तर आधी कुणाकुणावर वापरली ते विचारून घ्या. तळमजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांचं मत पडलं की क्लबापेक्षा बँकेचा लॉकर बरा. तिरपी ठेवली तर बसेल, नाहीतर थोडी कापून घेता येईल. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी एवढ्या खर्चात चांगला कुत्रा येतो असं सुचवलं आणि घेणारच असाल तर डक्टमधल्या पारव्यांचं तेवढं बघा, असंही जोडलं. उंटावरून शेळ्या हाकायला आपल्याकडे परवाना लागत नाही. अप्पा प्रत्येकाला ताडकन उत्तर देत होते, आणि तेव्हा ती चैन त्यांना परवडतही होती.

बंदूक सापडली ती गुरांच्या एका निवृत्त डॉक्टरांकडे. दुनळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि नळ्या इतक्या स्वच्छ की आतून बघितलं तर पलीकडची खिडकी अगदी गोल दिसे. पण डॉक्टरांना बंदूक विकायची नव्हती, चांगल्या घरी द्यायची होती. त्यांनी ती अप्पांच्या हातात दिली आणि चष्म्यावरून बघत राहिले. अप्पांनी क्लबात शिकवल्याप्रमाणे आधी ती मधून मोडून, म्हणजे बिजागरीत उघडून, आत काडतूस नाही याची खात्री केली. डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी अप्पांचा हात कोपरापासून मोजला, खांदा दाबून पाहिला, मान डावीउजवीकडे फिरवून घेतली. आता जीभ बाहेर काढायला सांगतात की काय, अशी अप्पांना भीती वाटू लागली.

डॉक्टर म्हणाले, “दस्ता तुम्हाला जरा लांब होईल, पण सवय होते. राग येतो का तुम्हाला?”

“छे,” अप्पा म्हणाले.

“मग ठीक. महिनाअखेर मी मुलाकडे राहायला चाललोय, कायमचा. तोवर परवाना आणा. एक दातांचे डॉक्टर मागे लागलेत, त्यांच्याकडे परवाना तयार आहे. पण त्यांनी बंदूक न मोडताच थेट खांद्याला लावली, म्हणून मी अजून थांबलोय.”

त्या रात्री अप्पांना दातांच्या डॉक्टरांचं स्वप्न पडलं. दुसऱ्या दिवशी ते अर्ज घेऊन चौकीवर हजर. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि एका रकान्यावर पेन्सिल टेकवली. अर्जदाराचा स्वभाव. हा रकाना अर्जदारानं भरायचा नाही म्हणे. शेजाऱ्यांना विचारून पोलीस भरणार.

 शेजाऱ्यांना विचारणार? आदल्याच आठवड्यात अप्पांनी सेक्रेटरींना जिन्यात गाठून जे सुनावलं होतं, ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं. चौकशीला कधी येणार, असं त्यांनी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं.

कारकून म्हणाला, “त्याचं काही सांगता येत नाही. आज, उद्या, पंधरा दिवसांनी. कधी कधी साध्या कपड्यातसुद्धा माणूस येऊन जातो.”

हे शेवटचं वाक्य कारकुनानं स्वतःचं महत्त्व वाढवायला टाकलं असावं. पण अप्पांचं घोडं तिथेच अडलं. त्या दिवसापासून त्यांना साध्या कपड्यातल्या प्रत्येक माणसात पोलीस दिसू लागला, आणि जगात बहुतेक लोक साध्याच कपड्यात असतात.

चौकीवरून ते घरी आले ते अंगात जणू दुसराच माणूस घेऊन. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या क्लॅरिनेटवाल्यानं नेहमीप्रमाणे दारात चप्पल अडकवून ती धरून ठेवली होती आणि घरातून सावकाश एकेक खोकं आणून आत ठेवत होता. लिफ्टच्या दारात चप्पल! अप्पांनी अशा चपलेपायी मोठमोठ्या हॉटेलांच्या लिफ्टना टाळं ठोकलं होतं. तळपायाची आग मस्तकाला गेली. पण जिन्याखाली एक अनोळखी गृहस्थ मीटरच्या पेटीशी वाकून उभा होता. साध्या कपड्यात.

“सावकाश येऊ द्या,” अप्पांनी वर तोंड करून गोड आवाजात सांगितलं, “मला काही घाई नाही.”

वर काहीतरी धाडकन पडलं. बहुधा क्लॅरिनेटवाल्याच्या हातातलं खोकं असावं.

इमारतीला हे कोडं उलगडायला फार वेळ लागला नाही. चौकीवरच्या कारकुनाची मावशी दुसऱ्या मजल्यावर राहत होती. अप्पांना शांत राहणं भाग आहे, हे कळल्यावर लोकांनी जुनी उधारी वसूल करावी तशी सुरुवात केली. क्लॅरिनेटचा रियाज सुट्टीच्या दुपारी झोपेच्या वेळी होऊ लागला. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंड्यांचं पाणी अप्पांच्या गॅलरीतल्या सदऱ्यांवर टपकू लागलं. त्यांनी निरोप पाठवला की आज खत घातलंय, तेव्हा सदरा दोनदा धुवा. बँक मॅनेजर आपली गाडी अप्पांच्या जागेत लावून किल्ली घेऊन गावाला गेले. सेक्रेटरींनी तर कमाल केली. पाण्याची टाकी साफ करून घेण्याचं, गच्चीच्या चाव्या सांभाळण्याचं आणि थकबाकीदारांकडे जाऊन प्रेमानं बोलण्याचं काम त्यांनी अप्पांच्या गळ्यात घातलं. अप्पा हसत होते. हसून हसून त्यांचे गाल दुखू लागले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि वर तोंडही आपलं आपणच दाबायचं.

अशातच एका रविवारी दुपारी दारात एक गृहस्थ उभा राहिला. साधा सदरा, हातात काळी बॅग, डोळे घरभर फिरणारे. घरात माणसं किती, कुणी आजारी असतं का, पाणी कोणतं पिता, असं तो विचारू लागला. अप्पांनी ओळखलं. त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, पंख्याखालची खुर्ची दिली आणि प्रत्येक प्रश्नाचं शपथेवर दिल्यासारखं खरं उत्तर दिलं. गृहस्थानं नळाचं पाणी एका बाटलीत घेतलं, त्यात काहीतरी टाकलं आणि ते पिवळं झालेलं दाखवलं. अप्पांनी सहकार्याच्या भावनेनं तेही मान्य केलं. अर्ध्या तासानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाण्याचा फिल्टर बसला होता आणि गृहस्थ जिना उतरत होता. मग अप्पांच्या लक्षात आलं की पोलीस फिल्टर विकत नाहीत. पण ओरडणार कुणावर? खाली अजून कुणीतरी उभं होतं.

क्लब बंद, ओरडणं बंद. सगळा राग आत साठत चालला होता. डॉक्टरांचं यंत्र पुन्हा वर चढलं. त्यांनी गोळ्या वाढवल्या आणि छंद चालू आहे ना, असं विचारलं. छंदासाठीच हे सगळं चाललंय, असं अप्पांनी सांगितल्यावर त्यांनी आणखी एक गोळी वाढवली.

घरी मात्र काहीतरी वेगळं चाललं होतं, आणि ते काय ते अप्पांच्या ध्यानात येईना. एका सकाळी दाढी करताना त्यांना गाणं ऐकू आलं. रेडिओ बंद होता. बायको कणीक मळता मळता गुणगुणत होती. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं, तर ती “गेलं बाई” म्हणून चक्क हसली. जेवताना तिनं शेजारणीची एक गोष्ट सांगितली आणि ती इतकी रंगवून सांगितली की अप्पांचा घास हातातच राहिला. हिला गोष्टी येतात? एका रात्री तर तिनं अप्पांनाच विचारलं, आज ऑफिसात काय झालं म्हणून. अप्पांनी फार विचार केला आणि अखेर ते या निष्कर्षाला आले की फिल्टर चांगला आहे. पाणी बदललं की प्रकृतीत फरक पडतोच. विकणाऱ्याला आपण उगाच मनातल्या मनात शिव्या दिल्या, याचं त्यांना थोडं वाईटसुद्धा वाटलं.

महिना सरत आला. चौकशीला कुणी आलं नाही, म्हणून अप्पांनी सेक्रेटरींना हळूच विचारलं. सेक्रेटरी चहा फुंकत होते.

“आले होते की फौजदार,” ते म्हणाले. “कधीच येऊन गेले.”

“मग? तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, माणसाचा स्वभाव असा एका भेटीत थोडाच सांगता येतो? जरा बघू द्या. बाकीच्यांनीही तेच सांगितलंय म्हणे.”

 चौकशी चालू आहे तोवर अप्पा मऊ, हे साधं गणित सगळ्या इमारतीनं केलं होतं. गच्चीच्या चाव्या, टाकी, गाडीची जागा, सगळं सुरळीत चाललेलं असताना परवाना देऊन स्वतःच्या पायावर धोंडा कोण मारून घेईल? त्याच संध्याकाळी गुरांच्या डॉक्टरांचा फोन आला. सामान बांधून झालं होतं. उद्या रात्रीपर्यंत काय ते कळवा, परवा सकाळी दातांचे डॉक्टर येणार आहेत. अडला हरी गाढवाचे पाय धरी. अप्पा दारोदार फिरले. क्लॅरिनेटवाल्याला त्यांनी सांगितलं की वाद्याचा आवाज फार गोड आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंड्यांना त्यांनी स्वतः पाणी घातलं, म्हणजे स्वतःच्याच सदऱ्यांवर. सेक्रेटरींना पुढचं वर्षभर टाकीचं काम करीन असं वचन दिलं. तेव्हा कुठे मंडळी विरघळली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, अप्पा रजा टाकून वाट बघत असताना, फौजदार घरी आले. साध्या कपड्यात वगैरे काही नाही, चांगले गणवेशात, टोपी काखेत धरून.

थकलेला, सज्जन माणूस होता. खुर्चीत बसत त्यांनी कागद काढले आणि शेजाऱ्यांनी तुमची फारच स्तुती केली म्हणाले. सेक्रेटरींनी तर गायीसारखा माणूस असं लिहून दिलं होतं. आता घरातल्या एका माणसाचं म्हणणं घेतलं की झालं, तेही एकट्यात घ्यावं लागतं, नियम आहे. ते स्वयंपाकघरात गेले. अप्पा बाहेर सोफ्याच्या कडेला टेकले. घड्याळाकडे बघत त्यांनी हिशोब केला की फौजदार आता उठले तर चौकी बंद व्हायच्या आत कागद पुढे सरकेल आणि संध्याकाळी गुरांच्या डॉक्टरांना फोन करता येईल. आतलं सगळं ऐकू येत होतं, पण काळजी वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. आत बायकोच होती.

“ताई, विचारावं लागतं म्हणून विचारतो,” फौजदार म्हणाले. “यांचा स्वभाव कसा आहे?”



“कधीपासूनचा सांगू?” बायकोनं विचारलं.

“म्हणजे?”

“अर्ज केल्यापासून फार चांगला आहे.”

“आणि त्याआधी?”

“हात कधी उचलला नाही हो, तसं काही लिहू नका. मन वाईट नाही त्यांचं. ओरडतात फक्त. पण रोज ओरडतात. दारात किल्ली वाजली की माझ्या छातीत धडधडतं. आपण काय चुकलो ते मी आठवायला लागते, आणि चुकलेलं काही नसतंच.” ती थांबली. “आमची मुलगी फोन करते, तो हे ऑफिसात असतानाच करते.”

फौजदारांनी घसा खाकरला. “मग परवाना नको म्हणू का?”

“नाही, नाही. हौस आहे त्यांना, मिळू दे. फक्त लगेच नको. ही चौकशी आणखी थोडे दिवस चालू ठेवता आली तर बघा ना, साहेब. घरी सध्या फार बरं चाललंय.”

अप्पांना कुणीतरी अंगावर गार पाणी ओतल्यासारखं झालं. लिफ्टच्या दोराची एक तार जरी तुटायला आली असली तरी ते नुसतं बोट फिरवून सांगत; त्याबद्दल खात्यात त्यांचं नाव होतं. आणि इथे रोज जेवायला शेजारी बसणाऱ्या माणसाची धडधड त्यांना कधी कळली नव्हती. त्यांना लाज वाटली. इतकी की फौजदार बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे बघवेना. शेजाऱ्यांना चौकशी लांबवायची होती ती गाडीच्या जागेसाठी. हिला हवी होती ती श्वास घेण्यासाठी.

फौजदार उभ्याउभ्याच पेनाचं टोपण उघडबंद करत होते. “त्या म्हणतात ते...”

“ऐकलं मी.”

“तशी अडचण काही नाही. शेजाऱ्यांचं म्हणणं चांगलं आहे. मी आत्ता ‘शांत’ असं लिहिलं, तर परवाना उद्या दुपारी तुमच्या हातात.”

डॉक्टरांची ती अक्रोडाची दुनळी अप्पांच्या डोळ्यांसमोरून गेली. क्लबातलं आभाळ, भिरभिरत सुटलेली तबकडी, तीही गेली.

“आत्ता नका लिहू,” ते म्हणाले.

“मग कधी लिहू?”

“तिला विचारत जा अधूनमधून. ती म्हणेल तेव्हा लिहा.”

फौजदारांच्या नोकरीत असा अर्जदार आला नसावा. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, चहा चांगला होता असं कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हटलं आणि टोपी चढवून गेले.

संध्याकाळी अप्पांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. बंदूक दातांच्या डॉक्टरांना देऊन टाका, असं सांगितलं. डॉक्टर खवळले. महिनाभर मला झुलवलंत, चांगल्या घरी जाणारी वस्तू आता त्या माणसाच्या हाती पडणार, जमत नव्हतं तर आधीच सांगायचं होतं, बोलण्याला काही किंमत असते की नाही. बराच वेळ ते बोलत होते. चौकशीची भीती आता उरली नव्हती, परवान्याची आशा नव्हती, डॉक्टर उद्या परगावी चालले होते. ओरडायला कसलीही आडकाठी नव्हती आणि ती गोष्ट अप्पांना जाणवलीसुद्धा.

“तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “चूक माझी आहे.” आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदराला हात पुसले, ते आधीच कोरडे होते.

“एक सांगायचं होतं,” ती म्हणाली.

“सांग.”

“आपल्या मुलीनं नोकरी सोडली.”

“कधी?”

“झाले चार महिने.”

“चार महिने? आणि मला कुणी एका शब्दानं...”

आवाज त्याच्या जुन्या रस्त्यानं वर चढू लागला होता. अप्पांनी बायकोकडे बघितलं.  तिचे खांदे थोडे आत गेले होते आणि नजर खाली जाऊन थांबली होती, पाऊस निघून जाईपर्यंत माणूस आडोशाला थांबतो तशी. रोज असंच होत असणार. त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

वाक्य तसंच अर्धं राहिलं. अप्पांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. “बरी आहे ना ती?” त्यांनी विचारलं.

“बरी आहे. पाव आणि केक करायला शिकतेय. एका बेकरीत पहाटे जाते कामाला. खूश असते.” मग ती म्हणाली, “फोन लावू?”

“लाव. पण या वेळी मी घरी असतो, ती उचलणार नाही.”

बायकोनं फोन लावला आणि दोघांना ऐकू येईल असा मधे टेबलावर ठेवला. मुलीनं लगेच उचलला. तिचा आवाज घाबरलेला होता. आईला काही झालंय, असंच तिला वाटलं असणार.

“अगं, काही झालं नाही,” बायको म्हणाली. “बाबा इथेच बसलेत. त्यांना सांगितलंय मी.”

 अप्पा टेबलावरच्या फोनकडे बघत होते. पोलीस चौकीच्या खिडकीसमोरसुद्धा ते एवढे घाबरले नव्हते.

“मग?” मुलीनं हळूच विचारलं.

“मग काही नाही,” बायको म्हणाली. “बोल.”